पहिली ओळ दोनदा

शेवंती तारीच्या पहिल्या कार्यक्रमाला स्पीकर माझे होते.
दोन भोंगे, एक माईक, आणि वायर कमी पडली म्हणून
मच्छीमार सोसायटीच्या पंख्याची काढून जोडलेली.
एकशेवीस रुपये. वहीत अजून येणे आहेत.

गिटार तिच्या वडलांची. बोटीवर ग्रीझर होते ते,
गॅल्व्हेस्टनच्या धक्क्यामागे गहाणवटीच्या दुकानातून आणलेली,
सहातली एक तार तेव्हापासूनच नाही.
तिथं तिनं गळाची तंगूस ताणली.
सोबत तीन कॅसेटी, वरची अक्षरं खाऱ्या हवेनं खाल्लेली,
म्हणून कोण गातंय ते वेंगुर्ल्यात कुणालाच माहीत नाही.
एक बाई, घोगरी. एक बुवा,
घोडा विकल्यासारखा गाणारा.
शब्द कळत नव्हते. कुणीतरी सोडून गेलंय
एवढं कळायचं.

दिवसा ती बर्फाच्या कारखान्यात:
किती लाद्या कुठल्या लाँचीवर, किती वाटेतच विरघळल्या.
त्याच वहीच्या मागच्या पानांवर गाणी.
'उधारीचो बर्फ'. 'घोव मस्कतात'.
'डिझेल संपला नि वारो पडलो'.

भजनातले आबा नार्वेकर पेटी घेऊन साथीला बसले
आणि दुसऱ्या कडव्याला थांबले.
"ह्यो गांधार खंयचो गो तुझो?
कोमलात नाय, शुद्धात नाय."
तिनं बोटानं तार वर ढकलली, हळू,
जशी दारात अडकलेली होडी ढकलतात.
"आबा, तुमच्या दोन पट्ट्यांच्या मधी फट असा ना,
थंय माझो बापूस रवता."
आबा त्या फटीकडे बघत राहिले.
मग सुपारी कातरायला घेतली.

मुंबईहून कंपनीचा माणूस आला, पांढऱ्या बुटांत.
"ढोलकी टाका, ताई. लग्नात वाजलं पाहिजे."
"माझां गाणां लाँचीच्या इंजिनावर चलता," ती म्हणाली,
"तेका घाई नाय."
बांगड्याचं तिखलं मात्र त्यानं दोनदा मागून खाल्लं.

मग कॅसेट आम्हीच काढली,
कुडाळात, गादीवाल्याच्या गोदामात,
कारण कापसात आवाज घुमत नाही.
एका गाण्यात मागे कोंबडा आहे. तो तिनं ठेवला.
पाचशे प्रती. लिलावाच्या कट्ट्यावर,
सुरमईच्या टोपल्यांशेजारी ती स्वतः विकायला बसायची.
भाव एकच. मासळीवाल्यांच्या गावात
घासाघीस न करणारी एकटी बाई.
दोनशे दहा खपल्या.
चाळीस माझ्या माळ्यावर आहेत. बायको विचारते,
मी म्हणतो, असू दे.

एका जत्रेत नाटकाआधी वीस मिनिटं मिळाली,
तेव्हा राजपार्ट करणारा दाढीला गोंद लावता लावता थांबला.
गोंद वाळला. नाटक उशिरा सुरू झालं.
ह्याला पुरस्कार म्हणायचं तर म्हणा.
दुसरा मला माहीत नाही.

मी एकदा विचारलं होतं,
पहिली ओळ नेहमी दोनदा का म्हणतेस?
"पयल्यांदा सांगलेलां कोण ऐकता?"

आता अठ्ठावन्न. आवाज त्या कॅसेटीतल्या बाईसारखा झालाय,
नाव पुसलेल्या.
शनिवारी होमस्टेच्या गच्चीवर गाते.
पाहुणे सिनेमातलं मागतात,
एक म्हणते, भाड्यापुरतं,
मग आपलं.

काल मधेच लाइट गेली.
माझे नवे स्पीकर, हप्ते चालू असलेले, मुके झाले.
ती थांबली नाही. ओळ म्हणाली.
कुणी खुर्ची सरकवली, कुणी मोबाईलचा दिवा लावला,
खाली खाडीत एक लाँच परतत होती, ठक्, ठक्.
तीच ओळ तिनं परत म्हटली.
दिवा लावणाऱ्यानं दिवा बंद केला.

घरी येऊन वहीत लिहिलं:
स्पीकर नेले, आणले.
वाजले नाहीत.